सुकटचं पोट

मांजराचं पिल्लू घरात आलं की पहिल्या अर्ध्या तासात घरातला प्रत्येक माणूस एकदा तरी फ्रिज उघडतो, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. कोणी दूध काढतं, कोणी चीजची क्यूब, कोणी कालच्या चिकनमधला पीस नळाखाली धरून मसाला धुतंय, एखादा हौशी जीव दुधात बिस्कीट कुस्करत असतो, आणि पिल्लू बिचारं कपाटाखाली अंग चोरून बसलेलं. त्याला भूक लागलीये का हा प्रश्न कोणाला दुसऱ्या दिवशी पडतो, तोही त्याने चादरीवर पातळ शी केल्यावर.

आमच्याकडे सुकट आली ती डोंबिवलीच्या मासळी बाजारातून. ज्या कोळणीकडून आम्ही वर्षानुवर्षं मासे घेतो तिच्या टोपल्यामागे हे एवढंसं राखाडी काहीतरी बसलेलं असायचं, आई गायब, बाकीची भावंडं कोणीकोणी नेलेली. "घेऊन जा गो बाय, इकडं टेम्पोखाली जाईल एक दिवस," असं ती म्हणाली आणि मासे बांधतात त्याच पेपरात तिला गुंडाळायला निघाली होती. मी कापडी पिशवी पुढे केली. निघताना एकच प्रश्न विचारला, ही खाते काय? "काय पन खाते. मांदेलीची डोकी, कोलंबीची सालं, चहात बुडवलेला पाव पन खाते."

हे उत्तर फार महत्त्वाचं होतं, हे मी मुद्दाम लिहितेय कारण पिल्लू आणणारे लोक रंग विचारतात, बोका की मांजरी ते विचारतात, पण आत्तापर्यंत काय खात होतं हे विचारत नाहीत. माझं या बाबतीत एकच म्हणणं आहे आणि ते मी घरात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात सगळ्यांना ऐकवून झालंय, की पहिले काही दिवस पिल्लाच्या पोटात नवीन काही ढकलू नका. ते जे खात होतं तेच, फारच भयंकर असेल तर त्याच्यातल्या त्यात बरं रूप. त्याचं घर बदललंय, वास बदललेत, आई नाही, रात्री पंख्याचा आवाज, माणसांचे पाय, एवढं सगळं बदललेलं असताना निदान ताटलीत तरी ओळखीचं काहीतरी असू दे. नुसत्या ताणानेही पिल्लाचं पोट बिघडतं, त्यात आपण चार प्रकारची खाणी घातली की नेमकं कशाने बिघडलं हेही कळत नाही.

म्हणजे मी काय केलं, तर चहापाव अर्थातच बंद, पण मांदेली चालू. पाण्यात उकडायची, मीठ नाही, हळद नाही, काटा काढून बोटांनी कुस्करायची. मांदेलीचा काटा आपल्याला लागत नाही, आपण कुरकुरीत तळून अख्खी खातो, पण एवढ्याशा घशाला तो पुरतो. आणि कच्ची नाही द्यायची, बाजारात ती कच्चीच खात होती तरीही, कारण एक तर जंतू, आणि दुसरं म्हणजे काही कच्च्या माशांमध्ये थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते जातं.

आता दूध. इथे आमच्या सासूबाई.

सासूबाईंचं बालपण अलिबागजवळच्या गावातलं, घरात कायम चारपाच मांजरं, आणि त्यांच्या डोक्यात मांजर आणि दूध हे वेगळं होऊच शकत नाही. त्यांचा तरी काय दोष, आपल्याकडे मांजर डोळे मिटून दूधच पितं, आणि शिंकं तुटतं तेही बोक्याच्याच भाग्याने. "अगं घरात आलेल्या जिवाला घोटभर दूध नाही द्यायचं? आमची मांजरं काय मेली का दूध पिऊन?" असा थेट सवाल. त्यावर "डॉक्टर नाही म्हणतात" हे उत्तर चालत नाही, कारण डॉक्टर काल आलेत आणि मांजर परवापासून आहे. म्हणून मी त्यांना नीट सांगत बसले, भाजी निवडता निवडता, आणि इथेही तेच सांगते.

पिल्लाच्या पोटात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. आईचं दूध पीत असतं तोपर्यंत ते भरपूर असतं. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्लू घन खायला लागतं, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आईचं दूध सुटतं, आणि तसतसं हे एन्झाइम कमी होत जातं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन पडतं, तिथे पाणी ओढून घेतं, तिथले बॅक्टेरिया ते आंबवतात, गॅस होतो आणि जुलाब. त्यात गाईचं दूध मांजरीच्या दुधाच्या मानाने फारच पाणचट, मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुपटीहून जास्त असतं. म्हणजे पोटही बिघडतं आणि पोषणही होत नाही. काही मांजरांना दूध पचतं हे खरंय, सासूबाईंची गावची मांजरं त्यातलीच असतील, शिवाय ती दिवसभर उंदीर, पाली, माशांची आतडी खाऊन वर दोन घोट दूध प्यायची. आमच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. (एक आहे, पण तो मीटर रूममध्ये राहतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी त्याला घाबरतात.)

"मग आवडतं कसं गं त्यांना?" सासूबाईंचा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर होता. आवडतं ते स्निग्ध असतं म्हणून. गोडीचा संबंधच नाही, मांजराला गोड चव कळतच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल सेंटर म्हणून चव आणि वास यावर काम करणारी संस्था आहे, तिथल्या लोकांनी २००५ मध्ये दाखवलं की गोड चव ओळखायला लागणाऱ्या दोन जीन्सपैकी एक मांजरांमध्ये निकामी झालेली आहे. घरातली मांजरंच काय, वाघ आणि चित्ता यांचंही तेच. हे ऐकून सासूबाईंना सुकटची एवढी दया आली की दुधाचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला. "श्रीखंड नाही, पुरणपोळी नाही, काय जन्म आहे."

तर दूध बंद, त्याऐवजी पाणी. पसरट वाटीत, खाण्याच्या ताटलीपासून जरा लांब, दिवसातून दोनदा बदलायचं. मांजरांचे पूर्वज वाळवंटी भागातले, त्यामुळे तहान लागून वाटीकडे धावत जाणं हे त्यांच्या स्वभावात कमीच. कोरड्या खाण्यात पाणी साधारण दहा टक्के असतं आणि पाऊचमधल्या ओल्या खाण्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के. म्हणून नुसत्या दाण्यांवर पिल्लू ठेवायचं असेल तर दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत, लहान दातांनाही बरं पडतं. आणि फ्रिजमधलं ओलं खाणं थेट समोर ठेवू नका. अर्धा उरलेला पाऊच झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, काढला की वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचा, वासही सुटतो आणि ते पटकन खातं.

सुकटला डॉक्टरांकडे नेलं दुसऱ्या दिवशी. त्यांनी तोंड उघडून दात बघितले, डोळ्यांचा निळेपणा अजून पूर्ण गेला नव्हता, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, त्यावरून म्हणाले सहासात आठवड्यांची असेल. पोट मात्र टुम्म. हातपाय काड्या आणि पोट फुगलेलं, सासूबाईंना वाटलं चांगलं जेवलंय पोर. ते जंत होते. मांजरांमधले गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, त्यामुळे "आमचं पिल्लू तर घरातच जन्मलंय, त्याला कुठले जंत" याला काही अर्थ नाही. जंताचं औषध तिसऱ्या आठवड्यापासून देता येतं, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा असं साधारण चालतं, पण डोस वजनावर असतो, शेजाऱ्यांच्या लॅब्रॅडोरची उरलेली गोळी चतकोर करून द्यायची नसते. औषध दिल्यावर ट्रेमध्ये शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढुरके जंत दिसले आणि आमच्या चिरंजीवांनी, वय वर्षं अकरा, पुढे बरेच दिवस शेवयाची खीर खाल्ली नाही.

हे सांगायचं कारण असं की पातळ शी झाली की सगळे खाण्यालाच धरतात, ब्रँड बदला, चिकन बंद करा, दही द्या. पण पिल्लाचे जुलाब निम्म्या वेळा ताटलीतून येतच नाहीत. जंत असतात, जिआर्डिया किंवा कॉक्सिडियासारखे परजीवी असतात जे डोळ्याला दिसत नाहीत, शी तपासायला न्यावी लागते, (हो, डबीत घालून, आणि हो, ती डबी नवऱ्याच्या लॅपटॉप बॅगेतून गेली, कारण त्याचं ऑफिस दवाखान्याच्या वाटेवर आहे.) आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, ज्यात उलट्या, जुलाब, ताप आणि एकदोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. लस आहे, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीनचार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. या बाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

पोट जरा मार्गी लागल्यावर किटन फूडकडे वळलो. हे वळणं एका दिवसात होत नाही. आधी मांदेलीत चमचाभर, म्हणजे साधारण पाव भाग नवीन, दोन दिवस तसंच, मग अर्धं-अर्धं, मग पाऊण, असं करत सात ते दहा दिवसांत पूर्ण नवीन. मध्ये शी सैल झाली तर मागच्या प्रमाणावर परत यायचं आणि तिथेच दोन दिवस थांबायचं, पुढे ढकलत राहायचं नाही. कंपनी बदलतानाही हेच, एवढंच काय त्याच कंपनीचा फ्लेवर बदलतानाही. दुकानदार फ्री सॅम्पलची पाच वेगवेगळी पाकिटं देतो ना, ती मी सरळ पर्सच्या तळाशी ठेवते, तिथे ती सुरक्षित असतात.

किटन फूडच का, उकडलेलं चिकन का नाही, हा प्रश्न बिल्डिंगमध्ये सगळ्यांचा. कारण महाग आहे हो ते, मलाही माहितीये. आणि उकडलेलं अळणी चिकन पोट बिघडलं असताना एकदोन दिवस द्यायला उत्तमच. पण महिनोन्‌महिने फक्त तेच दिलं तर पिल्लाची हाडं कमकुवत होतात. मांसात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, आणि वाढत्या पिल्लाला दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लागतात. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढतं, हाडं पोकळ होत जातात, आणि मग पिल्लू सोफ्यावरून उडी मारतं आणि पाय मोडतो. जंगलातली मांजर उंदीर अख्खा खाते, हाडासकट, आपण बोनलेस आणतो, फरक तिथे आहे. हाडं द्यायची म्हणून शिजवलेली हाडं पण देऊ नका, ती शिजल्यावर ठिसूळ होऊन टोकदार फुटतात.

दुसरं टॉरिन. हे एक अमिनो आम्ल आहे, माणसाचं शरीर स्वतः बनवतं, कुत्र्याचंही बहुतेक वेळा बनवतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही. १९७०च्या दशकात कळलं की ते कमी पडलं तर मांजरांची दृष्टी जाते, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाचा एक जीवघेणा आजारही त्यानेच होतो. तेव्हा बाजारातल्या तयार खाण्यातही ते पुरेसं नव्हतं, त्यानंतर कंपन्यांनी वाढवलं. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, आणि म्हणूनच पाकिटावर पिल्लांसाठी "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" लिहिलंय का हे बघायचं. क्रीमच्या ट्यूब, ट्रीट्स, ते सगळं लाडाचं, ते जेवण नाही.

किती द्यायचं? पाकिटावरचा तक्ता घ्या, वजन बघा, दिवसाचं माप काढा आणि त्याचे चार भाग करा. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानाने मोठ्या मांजराच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते पण पोट असतं एवढंसं, म्हणून थोडंथोडं पण चारदा, तीन महिन्यांनंतर तीनदा केलं तरी चालतं. एकदम वाटीभर दिलं की हावरटपणे गिळतं आणि पाच मिनिटांत जसंच्या तसं बाहेर, विशेषतः ज्यांनी बाजारात भांडून खाल्लंय ती पिल्लं. सुकट खाताना चक्क गुरगुरायची, ताटलीवर पाय ठेवून. तिला पसरट ताटात सगळीकडे पसरून द्यायला लागले, मग एकेक दाणा शोधत खाण्यात वेळ जायचा. दिवसाचं माप सकाळीच एका स्टीलच्या डब्यात काढून ठेवलं, ज्याला कोणाला प्रेम येईल त्याने त्यातूनच द्यायचं, डबा संपला की प्रेम उद्या. या डब्याने घरातली अर्धी भांडणं मिटली. वजन रोज सकाळी, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर, खाली टोपली ठेवून. दिवसाला दहापंधरा ग्रॅम, आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढलं की समजायचं बरं चाललंय. पिल्लाचं वजन नुसतं थांबलं तरी लक्ष द्यायचं, उतरलं तर दवाखाना.

अगदी डोळे न उघडलेली पिल्लं मिळाली तर वरचं काही लागू नाही. त्यांना आधी ऊब, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, अंग गार असताना काहीही पाजायचं नाही, पचतच नाही. मग मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर, पोटावर पालथं ठेवून, तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खाली पुसून शी-शू करवायची, ते त्यांची आई जिभेने करते. आणि रात्रीचे गजर लावायची तयारी नसेल तर अशी पिल्लं अनुभवी माणसाकडे द्या, यात लाज नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी. कांदा-लसूण नाही, शिजवलेलाही नाही, पावडरही नाही, त्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. म्हणजे "फक्त रश्शातला पीस धुऊन दिला" हे बाद, आपल्या घरात कांदा-लसूण नसलेला रस्सा कुठला? सुके बोंबील, सुकट (नाव तेच असलं तरी), खारट असतं म्हणून नाही. चॉकलेट, मनुका नाही. आणि माणसाची औषधं, हे तर ओरडून सांगते, ताप आलाय वाटलं म्हणून पॅरासिटॅमॉल दिलं तर मांजर मरतं, पाव गोळीनेही मरू शकतं, त्यांच्या यकृताला ते पचवताच येत नाही. जुलाब थांबवायची आपली गोळी पण नाही.

मग जुलाब झाले तर करायचं काय? पिल्लू खेळतंय, खातंय, फक्त शी एखाददोनदा सैल झालीये, तर नवीन सगळं बंद करून साधं खाणं आणि पाणी, आणि एक दिवस बघा. पण उपाशी ठेवू नका, मोठ्या माणसाला लंघन चालतं, एवढ्याशा जिवाची साखर काही तासांत उतरते. आणि पाण्यासारखी शी पुन्हापुन्हा, रक्त, उलट्या, खाणं सोडलं, कोपऱ्यात जाऊन बसलं, हिरड्या चिकट कोरड्या लागतायत, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाहीये, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी नेलं पाहिजे, सकाळी बघू म्हणायचं नाही. जवळचा प्राण्यांचा दवाखाना रात्री कोणता उघडा असतो हे पिल्लू आणायच्या आधी विचारून ठेवावं. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहिती असतं, बाकी ठिकाणी शोधावं लागतं.

श्रावण लागला तेव्हा सुकट चांगली दीड किलोची झाली होती. आमच्याकडे श्रावण कडक, अंडंसुद्धा घरात नाही. मला वाटलं आता मोठा वाद होणार, मी मनात टॉरिनचं भाषण पण तयार ठेवलं होतं, कारण शाकाहारी घरात मांजराला वरणभातावर ठेवणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्याशी बोलताना माझा आवाज चढतो. तुमचा धर्म, तुमचं पुण्य, सगळं मान्य, पण मांजराला गाजरातलं बीटा कॅरोटीन वापरून अ जीवनसत्त्वसुद्धा बनवता येत नाही, त्याला ते थेट मांसातून किंवा तशा बनवलेल्या खाण्यातून लागतं, त्यामुळे मांस नकोच असेल तर मांजर न पाळणं हा चांगला पर्याय आहे, ससा पाळा. पण सासूबाईंनीच पहिल्या सोमवारी पाऊचची कात्री बाजूला काढली, त्यावर मार्करने "सु" लिहिलं, गॅलरीत तिची वेगळी जागा केली आणि म्हणाल्या, "तिला कसला श्रावण. जनावराला उपास घालणारी मी कोण?"

पावसाळ्यात एक बघायचं, दाण्यांचं मोठं पाकीट उघडं राहिलं की सादळतं आणि बुरशी धरतं, वास बदलला की टाकून द्यावं, हळहळू नये. ओलं खाणं ताटलीत तासाभराहून जास्त ठेवायचं नाही, मुंग्या तर दहा मिनिटांतच येतात. ताटलीखाली पाण्याची परात ठेवली की त्यांचा प्रश्न मिटतो, फक्त सुकट त्या परातीतलंच पाणी पिते, स्वतःच्या वाटीतलं नाही.

सध्या घरात नवीन वाद चालू आहे. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे, आणि नसबंदीनंतर मांजरांची भूक वाढते पण ऊर्जा कमी लागते, त्यामुळे डब्यातलं माप कमी करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते नवऱ्याने सासूबाईंना सांगायचं की मी, हे अजून ठरलेलं नाही.